बिघाड कोणाला सांगायचा?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्राचं आयुष्य आणि संगणकाचं आयुष्य यांचा मेळ कधी बसलेला नाही. नीट निगा राखलेलं सीएनसी लेथ पंचवीस-तीस वर्षं जॉब काढतं. त्याच्या स्पिंडलची बेअरिंगं बदलता येतात, गाइडवे घासले तर पुन्हा स्क्रेप करता येतात. त्याला प्रोग्राम पाठवणारा शेजारचा संगणक मात्र सात-आठ वर्षांत थकतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या सगळ्या काळात गरवारे पॉइंटपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या शेडमधली किती तरी यंत्रं तीच राहिली. त्यांच्यासोबत आलेलं, फक्त एक्सपीवर चालणारं सॉफ्टवेअरही तेच राहिलं.

मोठ्या कारखान्याला यंत्रही बदलता येतं आणि सॉफ्टवेअरही. सातपूर-अंबडचा कणा असलेल्या लहान कारखानदाराला ते परवडत नाही. मोजमापाच्या यंत्राचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर कंपनी नवा कंट्रोलरही घ्या म्हणते, आणि त्या किमतीत एखादं जुनं यंत्रच येतं. म्हणून गेल्या काही वर्षांत एक तोडगा रुळला आहे. जुना संगणक पूर्णपणे मरण्याआधी त्याच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि ती नव्या संगणकावर ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून चालवायची. नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात हिरव्या टेकडीच्या चित्रासह जुना एक्सपी सुरू होतो. त्याला वाटतं, आपण अजून २००५ सालच्याच संगणकात आहोत.

तोडगा उत्तम आहे, पण पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी तो रडवतो. डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी यूएसबी किल्ली) सापडत नाही, केबलवरून प्रोग्राम अर्धाच जातो, नाही तर निळा पडदा येतो. मेंटेनन्सवाला केबल बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो, शेवटी व्हर्च्युअल मशीनलाच दोष देऊन जुना संगणक शोधायला निघतो. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच: व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअरचा प्रत्येक बिघाड एका मध्यस्थाच्या हातून जातो. तो मध्यस्थ बिघाड पुढे सांगतो, लपवतो, किंवा सगळं काम थांबवून आपल्याला हाक मारतो. त्याने यातलं काय केलं हे ओळखता आलं, की निम्मी दुरुस्ती झाली.

नसलेल्या वस्तूंचा संगणक

ज्या खऱ्या संगणकावर हे सगळं चालतं त्याला यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्या प्रणालीला पाहुणा. पाहुण्याला खरं हार्डवेअर दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे अनेकांच्या वापरातलं सॉफ्टवेअर त्याला १९९६ सालचा इंटेलचा पीआयआयएक्स-३ चिपसेट दाखवतं आणि एएमडीचं पीसीनेट जातीचं नेटवर्क कार्ड दाखवतं. यातलं काहीही त्या लॅपटॉपमध्ये नसतं. पाहुण्याने त्या कार्डाला काही आज्ञा दिली की हे मध्यस्थ सॉफ्टवेअर ती मध्येच पकडतं, खरं कार्ड कसं वागलं असतं त्याचं सोंग वठवतं आणि खऱ्या नेटवर्ककडून काम करून घेऊन उत्तर परत देतं.

कल्पना नवी नाही. आयबीएमने सीपी-४० या प्रणालीत १९६७ साली एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवून दाखवले, आणि १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली एका शोधनिबंधात प्रोसेसर व्हर्च्युअल करता येण्याची अट मांडली: यंत्राच्या मूळ अवस्थेला हात लावणारी प्रत्येक आज्ञा मध्यस्थाच्या हाती सापडलीच पाहिजे. आपल्या टेबलावरच्या पेंटियम घराण्याला ही अट पुरी करता येत नव्हती. त्याच्या १७ आज्ञा मध्यस्थाला चुकवून निसटत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली त्या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती विकायला आणली. २००५ साली इंटेलने प्रोसेसरमध्येच व्हीटी-एक्स ही सोय दिली, पुढच्या वर्षी एएमडीनेही तशीच सोय दिली.

पहिल्याच दिवशी भेटणारी चूक या सोयीपाशीच असते. मशीन सुरू होत नाही आणि व्हीटी-एक्स उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. बहुतेक वेळा ती सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, ती चालू केली की झालं. ती चालू असूनही संदेश आला, किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं आणि सगळं रेंगाळू लागलं, तर समजावं की विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही या मध्यस्थाने ती सोय आधीच ताब्यात घेतली आहे. विंडोजच्या सुरक्षा विभागातली ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असली तरी हेच होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एक्सपी सुरू होताना येणारा निळा पडदा, ज्यावरच्या कोडच्या शेवटी ‘७बी’ असतं. एक्सपीला आपली डिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क शाबूत असते. पण नव्या सॉफ्टवेअरने ती साटा कंट्रोलरला जोडलेली असते आणि एक्सपीच्या मूळ सीडीत त्या जातीच्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन ती डिस्क आयडीई कंट्रोलरखाली हलवावी. व्हर्च्युअल मशीन इतकी जुनाट कार्डं का दाखवतं, याचं उत्तर इथे मिळतं. पाहुण्याच्या ओळखीचं हार्डवेअर समोर ठेवलं की त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

या टप्प्यावरच्या चुका मी किरकोळ मानतो. त्या निदान बोलतात तरी. खरी परीक्षा आभासी कार्डांची नसते. शेडमधली खरी वस्तू पाहुण्याच्या हातात द्यायची वेळ येते तेव्हा ती सुरू होते.

डोंगल

अनेक जुनी डिझाइन आणि मोजमाप सॉफ्टवेअरं यूएसबीचं डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत. डोंगल लॅपटॉपला लावलं की आधी यजमान विंडोज ते पकडतं, त्याला ड्रायव्हर देतं आणि स्वतःकडे ठेवतं. मग पाहुण्याला ते द्यायला गेलं की व्हर्च्युअलबॉक्स सांगतं, हे उपकरण आधीच्या विनंतीत गुंतलेलं आहे. यात बिघाड कुठेच नाही. एका वस्तूवर दोघांनी हात ठेवला आहे, इतकंच. यावर उपाय म्हणजे यूएसबी फिल्टर. प्रत्येक यूएसबी उपकरणाला उत्पादकाचा एक क्रमांक आणि वस्तूचा एक क्रमांक असतो. या दोन क्रमांकांची वस्तू आली की ती थेट पाहुण्याकडे जाऊ दे, असा नियम आधी लिहायचा, मग डोंगल काढून पुन्हा लावायचं. क्रम उलटा झाला तर नियम असूनही काम होत नाही.

काही उपकरणं मात्र मधेच ओळख बदलतात. लावल्यावर ती एका क्रमांकाने हजर होतात, ड्रायव्हर त्यांच्यात फर्मवेअर भरतो, मग ती स्वतःला तोडून वेगळ्या क्रमांकाने पुन्हा जोडून घेतात. फिल्टर पहिल्या ओळखीसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या ओळखीची वस्तू यजमानाकडे जाऊन बसते. पाहुण्याला वाटतं, कोणीतरी केबल उपटली. अशा वेळी दोन्ही ओळखींचे दोन फिल्टर लिहावे लागतात. हे ठाऊक नसलं तर माणूस दिवसभर केबली बदलत राहतो.

यजमान लिनक्स असेल तर वापरकर्त्याचं नाव व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी गटात घालावं लागतं, नाही तर यादी रिकामी दिसते. एक्सपीला यूएसबी-३ कळत नाही, म्हणून आभासी कंट्रोलर यूएसबी-२ चा निवडावा. पूर्वी त्यासाठी ‘एक्स्टेन्शन पॅक’ लागायचा, आवृत्ती ७ पासून ती सोय मूळ पॅकेजात आली. त्या पॅकचा परवाना वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे, कारखान्याच्या कामासाठी नाही. कारखानदाराने हे लक्षात ठेवावं, आणि एक्सपीच्या परवान्याचंही तसंच आहे: संगणकासोबत आलेला परवाना त्याच संगणकापुरता असतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आलेल्या उपकरणाच्या माहितीत एक क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेला नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. यूएसबी-सिरियल केबलमध्ये नकली चिप असली तर हाच क्रमांक वारंवार दिसतो. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. पण हा ४३ नेहमी खरा असेलच असं नाही. एनव्हिडियाचं जीफोर्स ग्राफिक्स कार्ड पाहुण्याच्या हातात थेट दिलं, की त्याचा ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून काम नाकारायचा, आणि पडद्यावर ४३ यायचा. कार्ड धडधाकट असायचं. २०२१ साली कंपनीने तो अडसर काढला. उत्पादकाच्या धंद्याचं धोरण हार्डवेअरच्या बिघाडाचा मुखवटा घालून समोर येतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

सत्त्याऐंशी नंबरचा अलार्म

आता ज्या बिघाडासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं, त्याकडे वळतो.

जुन्या फॅनुक कंट्रोलच्या यंत्राला प्रोग्राम जातो तो आरएस-२३२ केबलवरून. एका टोकाला संगणक, दुसऱ्या टोकाला २५ पिनांचा कनेक्टर. अक्षरं एकामागून एक जातात. कंट्रोलची जागा भरत आली की तो ‘थांब’ असं सांगणारं एक अक्षर उलट पाठवतो, जागा झाली की ‘चालू कर’ असं दुसरं. ‘थांब’ म्हटल्यावरही संगणकाकडून दहापेक्षा जास्त अक्षरं आली, तर कंट्रोलवर ८७ नंबरचा अलार्म येतो: बफर भरून वाहिला. ८५ म्हणजे अक्षरच चुकीचं पोचलं; बॉड रेट किंवा पॅरिटी जुळत नाही. ८६ म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नलच नाही, तेव्हा केबलमधल्या ६, ८ आणि २० या पिनांचा जोड तपासावा. ऑपरेटरला हे तिन्ही अलार्म तोंडपाठ असतात.

जुन्या संगणकावर वर्षानुवर्षं नीट चाललेला प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमधून पाठवला की ८७ येतो. छोटा प्रोग्राम जातो, मोठा अडकतो. साच्याच्या कामाचा लांबलचक प्रोग्राम असेल तर हमखास अडकतो. केबल तीच, सॉफ्टवेअर तेच, सेटिंगही तीच. एक्सपीत कुठे पिवळी खूण नाही, व्हर्च्युअलबॉक्सचा संदेश नाही, यजमान विंडोजची तक्रार नाही. फक्त यंत्र ओरडतं.

हिशेब मांडून पाहू. ९६०० बॉडला, सात डेटा बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट अशी फॅनुकची नेहमीची मांडणी धरली तर सुरुवातीच्या बिटासह एक अक्षर ११ बिटांचं होतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-सिरियल केबल लावलेली असते. त्यात एफटीडीआयची चिप असेल तर आलेलं अक्षर ती लगेच वर पाठवत नाही. आणखी अक्षरं येतात का याची १६ मिलिसेकंद वाट पाहते. ही तिची मूळ सेटिंग. यंत्राने पाठवलेलं ‘थांब’ हे एकुलतं एक अक्षर या प्रतीक्षेत अडकतं. १६ मिलिसेकंदांत संगणक आणखी १४ अक्षरं पाठवून मोकळा होतो. मर्यादा दहाची. अलार्म आलाच.

थांबण्याचं काम चिपकडे सोपवलेलं असेल तर ती स्वतःच थांबते आणि हा प्रश्न येत नाही. पण व्हर्च्युअल मशीनला आभासी कॉम पोर्ट दिलेला असेल, तर थांबायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर सगळ्यात आत, पाहुण्यात बसलेलं असतं. ‘थांब’ हे अक्षर चिपकडून यजमानाच्या ड्रायव्हरकडे, तिथून व्हर्च्युअलबॉक्सकडे, तिथून आभासी १६५५०ए चिपकडे आणि मग एक्सपीकडे पोचतं. ते पोचेपर्यंत उलट दिशेने निघालेली अक्षरं वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर रांगेत उभी असतात, आणि त्यांना मागे बोलावता येत नाही. खऱ्या १६५५०ए चिपमध्येही १६ अक्षरांची रांग असतेच. म्हणून जुन्या संगणकावरसुद्धा जाणकार माणूस ती रांग लहान करून ठेवत असे.

उपायही या हिशेबातूनच निघतो. यजमानाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टची प्रतीक्षा १६ वरून एक मिलिसेकंदावर आणावी. पाहुण्याला आभासी कॉम पोर्ट देण्याऐवजी यूएसबी केबलच फिल्टर लावून थेट द्यावी, म्हणजे दोन टप्पे कमी होतात. तरीही जमलं नाही तर दोन्हीकडे ४८०० बॉड करावा. त्या वेगाला १६ मिलिसेकंदांत सातच अक्षरं जातात आणि दहाच्या आत राहतात. प्रोग्राम जायला दुप्पट वेळ लागतो, पण शिफ्ट खोळंबत नाही.

या ८७ नंबरच्या मागे एकही वस्तू बिघडलेली नाही. प्रत्येक थर आपापल्या नियमाने बरोबर वागला, आणि सगळ्यांच्या उशिराची बेरीज यंत्राच्या सहनशीलतेपेक्षा जास्त झाली. आभासी उपकरण काम तेच करतं, पण त्याच वेळात करतं याची हमी कोणी दिलेली नसते. म्हणून जुन्या संगणकातल्या कार्डावरून थेट मोटर हलवणाऱ्या यंत्राचं नियंत्रण व्हर्च्युअल मशीनमध्ये नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे उशिराची किंमत टूल तुटण्यात, कधी माणसाच्या बोटांत मोजावी लागते. आयएसए स्लॉटचं कार्ड असेल तर नव्या संगणकात ते बसतही नाही. अशा यंत्रासाठी जुन्याच जातीचा दुसरा संगणक दुरुस्त करून हाताशी ठेवावा.

डिस्क भरली तेव्हा

मध्यस्थ बिघाडाचं काय करतो, याचं सर्वांत विचारपूर्वक दिलेलं उत्तर डिस्कच्या बाबतीत सापडतं.

पाहुण्याला आपण ८० जीबीची डिस्क देतो. प्रत्यक्षात यजमानावर एक फाइल असते आणि ती गरजेपुरती वाढत जाते. पाहुण्याच्या सातबाऱ्यावर ८० जीबी लागलेले असतात, जमीन मात्र आज तीसचीच ताब्यात असते. एके दिवशी यजमानाची डिस्क भरते. पाहुणा लिहायला जातो, त्याच्या हिशेबाने जागा भरपूर आहे, आणि लिहिणं होत नाही. आता त्याला काय सांगायचं? एक्सपीला डिस्कचे बिघाड ठाऊक आहेत: सेक्टर खराब झाला, डिस्क उत्तर देत नाही. ‘तुझी डिस्क अजून पूर्ण अस्तित्वातच आलेली नाही’ असा बिघाड खऱ्या जगात होत नाही, म्हणून त्याच्यासाठी एक्सपीत काहीच तजवीज नाही. त्याला खोटा ‘सेक्टर खराब’ सांगितला तर तो चांगली जागा वाईट म्हणून खुणावून ठेवेल, फाइल अर्धवट सोडेल.

फाब्रिस बेलार यांनी २००३ साली लोकांसमोर आणलेल्या क्यूईएमयू या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चार धोरणं आहेत. चूक पाहुण्याला कळवा, चुकीकडे दुर्लक्ष करा, मशीन थांबवा, किंवा फक्त जागा संपल्यामुळे चूक झाली असेल तरच थांबवा आणि बाकीच्या चुका कळवा. काहीच न सांगितल्यास लिहिताना हे चौथं धोरण लागू होतं. व्हर्च्युअलबॉक्सही डिस्क भरली की पाहुण्याला आहे त्या क्षणी गोठवतं आणि यजमानाच्या पडद्यावर सांगतं: जागा मोकळी करा, मग पुढे चालू करा. जागा केली, चालू केलं, की अडलेलं लिहिणं पूर्ण होतं आणि मध्ये काही घडलं हे पाहुण्याला कळतही नाही. हा संदेश दिसला की घाबरून खिडकी बंद करणारे लोक असतात. ती बंद करू नये. मशीन मेलेलं नसतं, ते तुमची वाट पाहत थांबलेलं असतं.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र व्हर्च्युअलबॉक्सचं धोरण मला पटत नाही. महत्त्वाची नोंद लिहून झाली की पाहुणा डिस्कला सांगतो, हे खरोखर चकतीवर उतरव आणि मगच हो म्हण. वेग मिळावा म्हणून व्हर्च्युअलबॉक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये ही आज्ञा खाली पोचवतच नाही, फक्त ‘हो’ म्हणतं. यजमान चालू आहे तोवर काहीच बिघडत नाही. पण वळवाच्या पावसात फीडर ट्रिप झाला आणि संगणक धाडकन बंद पडला, तर पाहुण्याने लिहून झालं असं मानलेलं बरंच काही लिहिलेलंच नसतं. मोजमापाच्या नोंदी, ग्राहकाला द्यायचे तपासणी अहवाल अशा वेळी जातात. ही आज्ञा खाली पोचवण्याची सेटिंग आहे, ती लावावी. पाठीशी यूपीएस ठेवावा. आणि स्नॅपशॉटला, म्हणजे मशीनच्या एखाद्या क्षणाच्या जपलेल्या अवस्थेला, बॅकअप समजू नये, कारण तो त्याच डिस्कवर असतो.

मोठ्या घरात

एकच व्हर्च्युअल मशीन असलेल्या शेडमधून शंभर पाहुणे असलेल्या सर्व्हरकडे गेलं की हेच प्रश्न मोठे होतात. अंबडच्या शेजारी सातपूरलाच २००५ साली स्थापन झालेल्या ईएसडीएस कंपनीचं डेटा सेंटर आहे. व्हर्च्युअल मशीनला गरजेप्रमाणे प्रोसेसर आणि मेमरी चालता चालता वाढवून देण्याचं तंत्र हे या कंपनीच्या एनलाइट क्लाउडचं वैशिष्ट्य. अशा ठिकाणी एका सर्व्हरचा एक बिघाड अनेकांच्या कामावर आदळू शकतो.

मेमरीचं उदाहरण घ्या. गूगलने आपल्या सर्व्हरांचा अभ्यास करून २००९ साली दाखवलं की वर्षभरात मेमरीच्या ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळतात. सर्व्हरची मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारते, पण चूक तिच्या आवाक्याबाहेरची असली तर प्रोसेसर थेट प्रणालीला इशारा देतो. पूर्वी त्याचा परिणाम एकच असे, सगळा सर्व्हर बंद. २००९ सालीच लिनक्समध्ये आलेल्या सुधारणेने मेमरीचं खराब पान तेवढं वेगळं काढून ठेवता येऊ लागलं. ते पान एखाद्या पाहुण्याच्या वाट्याचं असेल तर लिनक्समधला केव्हीएम हा मध्यस्थ आणि क्यूईएमयू हा इशारा त्याच पाहुण्याकडे पोचवतात, अगदी खऱ्या प्रोसेसरने दिला असता तसा. पाहुणा लिनक्स असेल तर तो आपल्या आतला, ते पान वापरणारा एकच प्रोग्राम बंद करतो. बाकीच्या पाहुण्यांना झळ लागत नाही. बिघाड ज्याचा, त्यालाच आणि त्याच्याच भाषेत सांगणं, ही व्हर्च्युअल मशीनच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

या सोंगाचा धोकाही आहे. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे जेसन गेफनर यांनी ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघड केली. ती होती क्यूईएमयूच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये, २००४ सालापासून. कंट्रोलरकडे येणाऱ्या आज्ञांसाठी ५१२ बाइटांची जागा होती. ठरावीक आज्ञा दिल्या की मोजणी पुन्हा शून्यावर येत नसे आणि पाहुण्याला त्या जागेपलीकडे, यजमानाच्या मेमरीत लिहिता येत असे. फ्लॉपी लावलेली नसली तरी कंट्रोलर हजर असायचा. व्हर्च्युअलबॉक्स आणि झेन या मध्यस्थ सॉफ्टवेअरांनीही तोच कोड घेतला होता. ज्या उपकरणाकडे अकरा वर्षं कोणी पाहिलं नाही, त्याच्या चुकीच्या आज्ञा हाताळण्यातली एक त्रुटी जगभरच्या सर्व्हरसाठी धोका बनली. जे आभासी उपकरण लागत नाही ते काढून टाकावं, आणि मध्यस्थ सॉफ्टवेअरची आवृत्ती ताजी ठेवावी. आतला एक्सपी जुना असणं भाग आहे, बाहेरचं व्हर्च्युअलबॉक्स जुनं असण्याला सबब नाही. त्या एक्सपीला इंटरनेटही देऊ नये. त्याच्या कामाला ते लागत नाही.

तीन ठिकाणी पाहा

बिघाड आला की तीन जागा पाहाव्यात. पाहुण्याचा डिव्हाइस मॅनेजर, यजमानाचा डिव्हाइस मॅनेजर, आणि या दोघांच्या मधली व्हर्च्युअल मशीनची लॉग फाइल. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ नावाच्या उपफोल्डरात ही नोंद ठेवतं आणि मागच्या काही वेळांच्या नोंदीही जपतं. डोंगल यजमानालाच दिसत नसेल तर पाहुण्यात ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही. पोर्ट बदला, केबल बदला. यजमानाला दिसतं आणि पाहुण्याला दिसत नाही, तर दोष फिल्टरमध्ये किंवा आभासी कंट्रोलरमध्ये. दोघांनाही दिसतं आणि तरी सॉफ्टवेअर उघडत नाही, तर प्रश्न पाहुण्यातल्या ड्रायव्हरचा किंवा परवान्याचा. तिन्हीकडे सगळं स्वच्छ असूनही यंत्र अलार्म देत असेल, तर वेळेचा हिशेब मांडायला बसा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि बदललेली सेटिंग वहीत लिहा.

अंबड आणि सातपूरच्या कारखानदारांना माझी एक विनंती आहे. हे सगळं जुना संगणक बंद पडल्यावर करायला घेऊ नका. तो आज सुरू होतो आहे, तोवर त्याच्या डिस्कची प्रत काढून घ्या. सुट्टीच्या दिवशी त्या प्रतीवरून व्हर्च्युअल मशीन उभं करा, डोंगल लावा, तुमच्याकडचा सर्वांत लांब प्रोग्राम यंत्रावर पाठवून पाहा, तो अडकला तर बॉड रेट आणि प्रतीक्षेची सेटिंग जुळवा, आणि जुळलेले आकडे यंत्राच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. मग त्या मशीनची फाइल दुसऱ्या एखाद्या संगणकावर नेऊन तिथेही ती उघडते का, ते तपासा.